आरोग्यसंपदा : सायनसचे दार उघडे ठेवू या

‘मला सायनस आहे’ हे वाक्य आपल्या घरांत, पेढीवर आणि लग्नकार्याच्या मांडवात वारंवार कानी पडते. वास्तविक पाहता सायनस हे कोणत्याही रोगाचे नाव नव्हे. डोळे, कान यांप्रमाणे तो शरीराचा एक नैसर्गिक भाग आहे आणि तो प्रत्येकाला असतो. त्या भागाच्या आतील अस्तराला सूज आली म्हणजे जो विकार होतो, त्याला वैद्यकशास्त्रात सायनुसायटिस असे म्हणतात. हा केवळ शब्दांचा घोळ असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु नाव चुकले की उपचारही चुकतो. डोके दुखले की सायनस, नाक चोंदले की सायनस, सकाळी शिंका आल्या तरी सायनस, असे एकदा ठरले म्हणजे मनुष्य दुकानातून नाकाचे थेंब आणतो, घरात कुणाच्या तरी उरलेल्या गोळ्या घेतो आणि वर्षानुवर्षे तसेच दिवस काढतो. म्हणून प्रथम हा अवयव कसा आहे व त्याचे काम कसे चालते, ते नीट समजून घेऊ.

गोदाम आणि त्याचे अरुंद दार

आपल्या चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. गालांच्या हाडांतील जोडी सर्वांत मोठी. प्रौढ माणसात तिच्यातील प्रत्येक पोकळीत सुमारे १५ मिलिलिटर पाणी मावेल एवढी जागा असते. दुसरी जोडी कपाळात, भुवयांच्या वर. तिसरी नाक व डोळे यांच्या मध्ये, लहान लहान कप्प्यांची. चौथी नाकाच्या पार मागे, कवटीच्या मध्यभागी. लिओनार्दो दा विंची याने १४८९ साली काढलेल्या कवटीच्या चित्रांत गालांतील व कपाळातील पोकळ्या स्पष्ट दिसतात. पुढे १६५१ साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने गालातील पोकळीचे सविस्तर वर्णन केले. लहान मुलांत या सर्व पोकळ्या पूर्ण वाढलेल्या नसतात. कपाळातील पोकळी तर साधारण सहा-सात वर्षांच्या वयानंतर आकार घेऊ लागते. तेव्हा चार वर्षांच्या मुलाचे कपाळ दुखले तर त्याला ‘सायनस झाला’ असे म्हणणे मुळातच धरून नाही.

या पोकळ्यांच्या आत एक ओलसर, पातळ अस्तर असते. त्यावर श्लेष्माचा चिकट थर पसरलेला असतो आणि त्याखाली असंख्य सूक्ष्म रोम असतात. हे रोम एका सेकंदाला दहा ते पंधरा वेळा, शेतातील पीक वाऱ्याने डोलावे तसे, एकाच दिशेने हलत राहतात. श्वासातून आलेली धूळ, परागकण, जंतू त्या चिकट थरात अडकतात आणि रोम तो थर मिनिटाला काही मिलिमीटर अशा गतीने दाराकडे सरकवत नेतात. तेथून तो नाकात, नाकातून घशात आणि घशातून पोटात जातो. नाक व सायनस मिळून दिवसाला सुमारे एक लिटर श्लेष्म तयार करतात आणि आपण तो नकळत गिळतो. थोडक्यात, ही गोदामे स्वतःची झाडलोट स्वतःच करतात.

मात्र या गोदामांचे दार फार अरुंद असते. गालातील पोकळीचे दार अवघ्या काही मिलिमीटरचे आणि तेही तळाशी नसून जवळजवळ छताशी असते. म्हणजे येथील माल उतारावरून आपोआप वाहून जात नाही; रोमांनी तो वर चढवून बाहेर काढावा लागतो. सर्दीने अस्तर सुजले की दार बंद होते. दार बंद झाले की आतील हवा कोंडते, श्लेष्म साचतो, रोम मंदावतात आणि साचलेल्या जागी जंतूंना वाव मिळतो. सायनसच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एवढेच आहे. विकार पोकळीत दिसतो, परंतु प्रश्न दाराचा असतो.

ही गोष्ट ध्यानात येण्यास वैद्यकालाही दीर्घ काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल (१८९३) आणि पॅरिसचे आन्री ल्यूक (१८९७) यांनी वरच्या ओठाखालून गालाच्या पोकळीत शिरून ती साफ करण्याची व तळाशी नवे छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. विचार सरळ होता : घाण साचते, तर खाली वाट करून द्यावी. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वाल्टर मेसर्क्लिंगर यांनी श्लेष्माच्या वाटचालीचा बारकाईने अभ्यास केला. तळाशी नवे छिद्र असले तरी रोम श्लेष्माला त्या छिद्राला वळसा घालून वरच्या, मूळ दाराकडेच नेतात, असे दिसून आले. तेव्हापासून विचाराची दिशा बदलली. १९७० व १९८० च्या दशकांत दुर्बिणीच्या साहाय्याने नैसर्गिक दारच मोकळे करण्याची पद्धत विकसित झाली आणि आज शस्त्रक्रिया करावी लागलीच तर ती याच तत्त्वावर होते. शस्त्रक्रियेचे हे तत्त्व घरच्या काळजीलाही तंतोतंत लागू पडते.

सर्दी किती दिवसांची, यावर सारे अवलंबून

साध्या सर्दीत सायनसच्या अस्तरालाही थोडीफार सूज येतेच. ती विषाणूंमुळे असते आणि सात ते दहा दिवसांत ओसरते. प्रौढांच्या अशा शंभर सर्दींपैकी फार तर दोनच पुढे जिवाणूंच्या संसर्गाकडे वळतात. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक, विषाणूंवर मुळीच काम करत नाहीत. नाकातून पिवळा-हिरवा स्राव आला म्हणजे प्रतिजैविक हवेच, ही समजूतही बरोबर नाही. तो रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींतील द्रव्यांमुळे येतो आणि विषाणूंच्या सर्दीतही दिसतो.

मग जिवाणूंचा संसर्ग केव्हा समजावा? दहा दिवस उलटूनही काहीच सुधारणा नसेल. किंवा १०२ अंश फॅरेनहाइटचा ताप, घट्ट पूसारखा स्राव व चेहऱ्याचे दुखणे सलग तीन-चार दिवस राहिले असेल. किंवा सर्दी उतरणीला लागून पाच-सहा दिवसांनी पुन्हा जोराने उलटली असेल. या तीन प्रसंगी डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी प्रतिजैविक दिले तर ते सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्यावे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवणे आणि पुढच्या वेळी मुलाला देणे, हा हिशेब तोट्याचा आहे. अशा अर्धवट वापराने जंतू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध चालेनासे होते.

डोकेदुखीबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे सांगणाऱ्या २,९९१ जणांची तपासणी झाली. त्यांपैकी ८८ टक्के लोकांची डोकेदुखी अर्धशिशीच्या प्रकारातली निघाली. अर्धशिशीतही नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते आणि गाल-कपाळ जड होते, म्हणून हा घोटाळा होतो. घट्ट स्राव नाही, ताप नाही, परंतु प्रकाश व आवाज सहन होत नाही, मळमळते, काम करवत नाही आणि हे वारंवार होते, तर सायनसची औषधे घेत न बसता अर्धशिशीची तपासणी करून घ्यावी.

दुकानातील धूळ आणि गल्ल्यातील बाटली

तक्रार बारा आठवड्यांहून अधिक टिकली तर तिला जुनाट दाह म्हणतात. यात सतत नाक चोंदणे, घशात श्लेष्म उतरणे, चेहरा जड वाटणे आणि वास कमी होणे ही लक्षणे प्रमुख. येथे जंतूंपेक्षा अ‍ॅलर्जी व अस्तराची दीर्घकालीन सूज यांचा वाटा मोठा असतो. काहींच्या नाकात द्राक्षाच्या आकाराचे मऊ पॉलिप वाढतात. ‘नाकाचे हाड वाढले’ असे आपण ज्याला म्हणतो, तो बहुधा नाकाच्या मधल्या पडद्याचा वाकडेपणा असतो. तो अनेक निरोगी माणसांतही आढळतो, त्यामुळे तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. वरच्या दाढांची मुळे गालातील पोकळीच्या तळाला भिडलेली असतात. म्हणून एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर दंतवैद्यालाही दाखवावे. लहान मुलात तसे झाले तर नाकात मणी, चणा किंवा थर्माकोलचा तुकडा अडकलेला नाही ना, हे आधी पाहावे.

व्यापारी कुटुंबांना या बाबतीत विशेष सावध राहिले पाहिजे. भुसार मालाची अडत, हळद-मिरचीचा व्यापार, किराणा, कापडाची पेढी, या प्रत्येक ठिकाणी दिवसाचे दहा-बारा तास बारीक धूळ किंवा तंतू श्वासावाटे आत जात असतात. दुकान उघडताच कोरड्या झाडूने झाडल्यास रात्रभर खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते. त्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. पोती उलटताना, मिरची-मसाला दळताना अथवा चाळताना नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा; खांद्यावरचा रुमाल पुरेसा नाही. बंद दुकानात किंवा वातानुकूलित खोलीत उदबत्ती-धुपाचा धूर कोंडू देऊ नये. तंबाखूचा धूर तर रोमांना थेट निकामी करतो, आणि तो शेजारी बसणाऱ्यालाही बाधतो.

वास जाणे ही किरकोळ गोष्ट समजू नये. मसाला, चहा, तूप, अत्तर यांच्या व्यापाऱ्याचे नाक हे त्याचे भांडवल असते. माल खवट झाला आहे की ताजा, हे कागदावर नव्हे, नाकाला कळते. घरी स्वयंपाकाच्या गॅसची गळतीही तेच सांगते. वास हळूहळू कमी होत असेल तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून न देता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आता गल्ल्यातील त्या लहान बाटलीविषयी. झायलोमेटॅझोलिन किंवा ऑक्सिमेटॅझोलिन असलेले थेंब दोन-चार मिनिटांत नाक मोकळे करतात, म्हणून ते फार प्रिय आहेत. सर्दीत तीन दिवस, फार तर पाच दिवस ते वापरण्यास हरकत नाही. त्यानंतर मात्र औषधाचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा अधिक सुजते, पुन्हा थेंब घालावे लागतात आणि माणूस त्या चक्रात अडकतो. जे दार उघडण्यासाठी थेंब घेतले, तेच दार थेंबांमुळे बंद होऊ लागते. व्याजासाठी कर्ज काढण्याचाच हा प्रकार होय. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. ज्यांना महिनोन्‌महिने ही सवय लागली आहे त्यांनी संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. ती सोडवता येते.

याउलट अ‍ॅलर्जी व जुनाट सूज यांसाठी डॉक्टर जो स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा देतात, त्याचे नाव ऐकून अनेक जण घाबरतात. त्याची मात्रा अल्प असते आणि ती मुख्यतः नाकातच काम करते. मात्र गुण येण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत फरक नाही असे म्हणून तो सोडू नये. फवारा मारताना मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात व डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा आणि तोंड मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूस, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने करावे. पडद्यावर मारल्यास नाकातून रक्त येऊ शकते.

घरी करावयाचे सोपे उपाय

दार मोकळे ठेवण्याचा सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, अर्थात जलनेती. एक लिटर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ तोलून घालावे व चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. हे प्रमाण शरीरातील द्रवांच्या खारटपणाशी जुळते, म्हणून नाक झोंबत नाही. तयार पुड्याही औषधाच्या दुकानात मिळतात. पाणी कोमट असावे, पुढे वाकून मान एका बाजूस कलती करावी, तोंडाने श्वास घ्यावा आणि एका नाकपुडीतून सोडलेले पाणी दुसरीतून बाहेर येऊ द्यावे. भांडे प्रत्येक वेळी धुऊन वाळवावे.

येथे पाण्याची शुद्धता प्राणाइतकी महत्त्वाची आहे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे पाणी वापरून जलनेती करणारे दोन जण नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या अमीबामुळे मृत्यू पावले. असा प्रसंग अत्यंत विरळ, परंतु तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे आणि झाकून गार होऊ द्यावे, एवढेच पुरे. आपल्या अनेक घरांत उकाळलेले पाणी पिण्याची व त्याची काळमर्यादा पाळण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे; ती येथे आयतीच उपयोगी पडते. मात्र केवळ गाळलेले पाणी, यंत्राने शुद्ध करून साठवलेले पाणी किंवा धोवन पाणी पिण्यास चालत असले तरी नाकासाठी चालणार नाही. त्यासाठी उकळलेलेच पाणी हवे.

वाफाऱ्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु तो रोग बरा करत नाही. उकळत्या पाण्याचे पातेले मांडीवर घेऊन किंवा मुलाला चादरीखाली बसवून वाफ देताना भाजण्याचे गंभीर अपघात होतात; मुलांना असा वाफारा देऊ नये. नाक शिंकरताना एकेक नाकपुडी हलके मोकळी करावी. दोन्ही दाबून जोर केल्यास श्लेष्म उलट पोकळ्यांत ढकलला जातो. तेलाचे थेंब वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावेत. वृद्धांच्या नाकात सतत तेल सोडत राहिल्यास ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. दूध प्यायल्याने श्लेष्म वाढतो, याला चांगला आधार नाही. ज्याला एखादा पदार्थ स्वतःच्या अनुभवाने बाधतो त्याने तो टाळावा, परंतु घरभर दूध-दही बंद करण्याचे कारण नाही. भ्रामरी करणाऱ्यांना एक गोष्ट आवडेल. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले की तोंड मिटून गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचे प्रमाण सुमारे पंधरा पटींनी वाढते. म्हणजेच सायनसमधील हवा खेळती राहते. याने औषधाची जागा भरून निघत नाही, पण सराव निरुपद्रवी आहे.

नियम आणि औषध यांचा मेळ

चातुर्मासात उपवास व रात्री अन्नपाणी न घेण्याचा नियम असतो. पाणी कमी पडल्यास श्लेष्म घट्ट होतो, म्हणून दिवसाच्या मोकळ्या वेळेत घोट घोट भरपूर पाणी घ्यावे. औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना आपला नियम सांगावा. स्टिरॉइडचे बरेचसे फवारे दिवसातून एकदाच घ्यायचे असतात, आणि अनेक गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. गोळीचा किंवा वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय आहे का, हे आरंभीच विचारावे. मनातल्या मनात शंका धरून मध्येच औषध सोडणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग होय.

येथे एक दिवसही थांबू नये

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा पुढे येणे, एकाचे दोन दिसणे किंवा दृष्टी कमी होणे. असह्य डोकेदुखीसह मान ताठरणे. गुंगी किंवा असंबद्ध बोलणे. कपाळावर मऊ सूज, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सायनस आणि डोळा यांच्या मधले हाड काही ठिकाणी कागदाइतके पातळ असते, आणि विशेषतः मुलांत संसर्ग वेगाने डोळ्यापर्यंत पोहोचतो.

मधुमेहींनी तर दुप्पट जागरूक असावे. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाने महाराष्ट्रातील कित्येक घरांना तडाखा दिला. अनेकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले, काहींचे प्राण गेले. अनियंत्रित साखर आणि पोटातून किंवा शिरेतून दिलेली स्टिरॉइड्स ही त्यामागची प्रमुख कारणे होती. लाट ओसरली तरी हा रोग नाहीसा झालेला नाही. मधुमेह असलेल्या व्यक्तीचा एका बाजूचा गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव किंवा खपली येणे, टाळूवर काळा डाग पडणे किंवा वरचे दात अचानक हलू लागणे, ही चिन्हे दिसताच धाव घ्यावी. या रोगात तासांचाही हिशेब असतो.

व्यापारात आपण मालाची आवक-जावक रोज तपासतो. गोदामाचे दार अडले की उत्तम मालही आतल्या आत खराब होतो, हे कुणी आपल्याला शिकवावे लागत नाही. शरीरातील या आठ लहान गोदामांनाही तोच न्याय लावावा. धूळ कमी करावी, उकळलेल्या पाण्याने नाक स्वच्छ ठेवावे, गल्ल्यातील थेंबांची बाटली पाचव्या दिवसानंतर उचलून टाकावी, आणि दहा दिवसांत जे बरे होत नाही ते जाणत्या तज्ज्ञांपुढे ठेवावे. एवढे केले तर बहुतेक घरांत पुन्हा ‘मला सायनस आहे’ असे म्हणण्याची पाळी येणार नाही.